समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम: भोसरीच्या फॅब्रिकेशनवाल्याने आताच मोठं मशीन घ्यावं का?

भोसरी_फॅब (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण निर्णयही मोठा आहे.

आमचं भोसरी एमआयडीसीत शेड आहे. साताऱ्याकडे वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या त्या काळात वडिलांनी टॉवरच्या आतल्या शिड्या करून द्यायला सुरुवात केली. आज आम्ही जमिनीवरच्या टॉवरच्या आतलं जवळजवळ सगळं करतो. शिड्या, मधले प्लॅटफॉर्म, केबलचे सपोर्ट, दाराच्या चौकटी. रोलिंग मशीन ३२ मिमीपर्यंतचं आहे, वर २० टनी ईओटी क्रेन, सब-आर्क वेल्डिंगची दोन मशीन. वेल्डर बहुतेक आमच्याकडेच तयार झालेले आणि टिकलेले.

जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांना आणि ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. तेव्हापासून माझे भागीदार, जे माझे मेव्हणेही आहेत, एकच म्हणताहेत. गुजरातच्या पिपावाव बंदराच्या आसपास जागा घेऊ, १२० मिमी प्लेट वाकवणारं चार रोलचं मशीन घेऊ आणि मोनोपाइलचे (समुद्रतळात ठोकायच्या एकाच जाड पोलादी नळीच्या पायाचे) कॅन, म्हणजे गोल तुकडे, करून देऊ. जमिनीवरच्या पवनचक्कीचा ७०-८० टक्के माल देशात होतो, मग समुद्रातल्याचा का होणार नाही, आणि जो आधी जाऊन बसेल त्यालाच काम मिळेल, असं त्यांचं म्हणणं. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण तारण म्हणून भोसरीचा प्लॉट मागते.

मला वेल्डिंग कळतं, समुद्र कळत नाही. आणि या शेडवर चाळीसेक घरं चालतात. प्रत्यक्ष त्या कामात कोणी असेल तर मोकळेपणाने सांगा. आमच्याएवढ्या कारखान्याला या साखळीत जागा आहे का, असली तर कुठे आणि कधी?

---

डोंगरवारा

मी मूळची इचलकरंजीची. वेल्डिंग इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं युरोपात, मधली काही तैवानात, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायांची थर्ड पार्टी तपासणी करते आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण भोसरी, चाकण, शिरोली, कागल इथल्या माणसांनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या मशीनने नको आणि तारण ठेवून तर नकोच.

आधी कॅन म्हणजे काय ते आकड्यात बघा. आठ मीटर व्यास, ८० मिमी जाडी आणि साडेतीन मीटर उंची धरली तर एका कॅनचं वजन ५५ टनांच्या आसपास जातं. असे वीसेक कॅन एकावर एक जोडले की एक मोनोपाइल. एका गोल सांध्याची लांबी २५ मीटर, आणि ८० मिमी जाडी आतून-बाहेरून भरायची म्हणजे वेल्डचे किती थर होतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत. पूर्ण झालेला नग हजार टनांच्या वर जातो, नवे मोठे दोन-अडीच हजार टनांपर्यंत. तो रस्त्यावरून कुठेच नेता येत नाही. जमिनीवरच्या टॉवरचा व्यास साडेचार मीटरच्या आत ठेवावा लागतो, कारण तो पुलाखालून जायचा असतो. इथे ती अडचण नाही, पण म्हणूनच कारखाना थेट धक्क्यावरच हवा, आणि धक्काही चौरस मीटरला दहा-वीस टन भार पेलणारा. म्हणजे मशीन घेतलं की काम संपत नाही. मशीनच्या आधी धक्का, गोदी, शेकडो टन उचलणारी एसपीएमटीची वाहनं, नग फिरवणारे रोलर बेड, नग आत मावेल असं ब्लास्टिंग आणि पेंटचं शेड. रोलिंग मशीन हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता मेव्हण्यांच्या ‘आधी जाऊन बसेल त्याला काम’ या मुद्द्याबद्दल. ५०० मेगावॅटला १५ मेगावॅटची टर्बाइन धरली तर ३४ लागतात, म्हणजे ३४ मोनोपाइल. रॉटरडॅमला मासव्लाक्टे भागात सिफ कंपनीने कारखाना वाढवला, त्याची क्षमता वर्षाला २०० मोठ्या मोनोपाइलची आहे, म्हणजे पाच लाख टन पोलाद. त्या हिशोबाने आपला गुजरातचा सगळा प्रकल्प दोन महिन्यांत संपतो आणि तमिळनाडूचा धरला तरी चार. उरलेले आठ महिने, आणि पुढचं वर्ष, काय करायचं? तेवढ्या दोन कामांसाठी कोणी तसा कारखाना उभारला तर प्रत्येक नगावर कर्जाचा एवढा बोजा येईल की चीनमधून बार्जवर आणलेला नग स्वस्त पडेल.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या पॉल्सबोरोला ईईडब्ल्यू या जर्मन कंपनीचा मोनोपाइल कारखाना डेन्मार्कच्या ओर्स्टेड कंपनीच्या ओशन विंड प्रकल्पाच्या भरवशावर उभा राहत होता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ओर्स्टेडने ओशन विंडचे दोन्ही प्रकल्प सोडून दिले आणि कारखाना अधांतरी राहिला. व्हर्जिनियात सीमेन्स गमेसा पात्यांचा कारखाना काढणार होती, तोही त्याच सुमारास रद्द झाला. स्कॉटलंडमध्ये फाइफच्या यार्डांचं आणखी वाईट वाटतं. तिथल्या बायफॅबने तेलाच्या प्लॅटफॉर्मवर हात बसवलेला, समुद्रातल्या बीट्रिस पवन प्रकल्पाला जॅकेट (पाइपांचे जाळीदार पाय) दिलेली. पुढची मोठी कामं परदेशी यार्डांकडे गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. तिच्या यार्डांतून समुद्रात उभ्या होणाऱ्या पवनचक्क्या दिसतात.

जिथे जमलं तिथे काय झालं, तेही सांगते. ब्रिटनमधल्या हल शहराच्या जुन्या अलेक्झांड्रा गोदीत सीमेन्सने २०१६ च्या डिसेंबरात पात्यांचा कारखाना सुरू केला. सुरुवातीला ७५ मीटरची पाती, मग ८१ मीटरची. हॉर्नसी दोन या १६५ टर्बाइनच्या प्रकल्पाची पाती तिथलीच. आता त्याच कारखान्याचा विस्तार शंभर मीटरच्या पुढच्या पात्यांसाठी झाला. हे का जमलं? कारण ब्रिटनने दरवर्षी-दोन वर्षांनी लिलाव करून ठराविक दराची हमी दिली आणि उत्तर समुद्रात एकामागून एक प्रकल्प लागत गेले. एका बंदरात, एका कंपनीकडे, एका मागोमाग एक कामं. डेन्मार्कचंही तेच. १९९१ साली विंडेबीला ४५० किलोवॅटची अकरा टर्बाइन लावली, २००२ मध्ये हॉर्न्स रेव्हला ऐंशी. आणि त्या ऐंशींचं काय झालं ते आपल्याकडच्या प्रत्येक उत्साही माणसाने वाचावं. समुद्राच्या हवेत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर टिकेनात, म्हणून २००४ मध्ये वेस्टासला ऐंशीच्या ऐंशी नॅसेल (टॉवरच्या टोकावरच्या यंत्रपेट्या) उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणाव्या लागल्या. ‘जमिनीवर ८० टक्के करतो, समुद्रातही करू’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. दमट खारी हवा, दुरुस्तीला माणूस पोचायलाच समुद्र शांत व्हायची वाट बघायची, पंचवीस वर्षं लाटांचा मार. जमिनीवर पवनचक्कीचा बहुतेक खर्च यंत्रावर होतो. समुद्रात पाया, केबल, सबस्टेशन आणि जहाजं मिळून खर्च यंत्राच्या बरोबरीला येतो किंवा पुढे जातो, आणि आपले ८० टक्के फक्त यंत्राचे आहेत.

पण तुम्हाला जागा आहे, आणि ती मला तुमच्या पहिल्याच परिच्छेदात दिसली.

मोनोपाइलच्या वर किंवा ट्रान्झिशन पीसवर (पाया आणि टॉवर यांना जोडणाऱ्या तुकड्यावर) जे जे लटकतं, टेकतं, चढतं त्याला आम्ही सेकंडरी स्टील म्हणतो. बोट येऊन टेकते ते दोन उभे जाड पाइप आणि त्यांच्या मधली शिडी, म्हणजे बोटलँडिंग. कामगार थांबतात ते प्लॅटफॉर्म, त्याचे कठडे आणि जाळ्या. केबल वर घेणारे जे-ट्यूब. गंज रोखणाऱ्या अॅनोडचे पिंजरे. आत हवाबंद पडदा आणि त्याच्यावरचा प्लॅटफॉर्म. हे सगळं तुमच्या क्रेनखाली बसतं, ३२ मिमीच्या आत येतं आणि ट्रेलरवर न्हावा शेव्याला जातं. युरोपातले मोनोपाइल कारखाने हे काम स्वतः करत नाहीत, बाहेर देतात, कारण त्यांच्या महाग मजुरीत ते परवडत नाही. शिडी आणि कठडा करायला वेळ जातो आणि मशीनने ते पूर्ण होत नाही.

मात्र दिसायला साधं असलं तरी तपासणीत ते काम सोपं नाही. बोट टेकते त्या पाइपच्या वेल्डवर रोज धक्का बसणार आणि तिथून माणूस चढणार. त्यामुळे वेल्डचा आकार, अंडरकट, ग्राइंडिंग यावर आम्ही अजिबात सोडत नाही. तीक्ष्ण कडा राहिली की पेंट तिथून सुटतो, म्हणून प्रत्येक कड दोन मिमी त्रिज्येने गोल करा असं ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते सर्वांत शेवटी, शुक्रवारी संध्याकाळी आठवतं. गॅल्वनायझिंगच्या टाकीची लांबी बघून डिझाइनमध्येच जोड टाकावा लागतो, नाहीतर वेल्ड करून झाल्यावर शिडी टाकीत मावत नाही.

प्रमाणपत्रांच्या कागदांचं पुढच्या उत्तरात लिहीन. आधी जे यार्डात राहिलेत त्यांचं ऐकू या.

---

उरणचा_फोरमन

डोंगरवारा ताईंनी छान लिहिलं. मी उरणचा, न्हावा भागातल्या यार्डात मुंबई हायच्या जॅकेटांवर आयुष्य गेलं, आता निवृत्त.

१९७४ ला बॉम्बे हायला तेल लागलं आणि त्यानंतर आपण पाण्यात पोलाद उभं करायला शिकलो. हे विसरू नका. गेल्या पन्नास वर्षांत न्हाव्याला, हजिऱ्याला, चेन्नईजवळ कट्टुपल्लीला जॅकेट आणि डेक झालेत. जाड ट्युब्युलरचे वाय आणि के सांधे (पाइपला तिरका पाइप जोडतात ते) भरणारे वेल्डर आमच्याकडे होते, त्यांची मुलं आज शारजा, अबुधाबी आणि दम्मामच्या यार्डांत आहेत. काम आलं तर ती परत येतील, मी त्यांना ओळखतो.

पण एक फरक भागीदारांना नीट समजावा. आम्ही एक जॅकेट करायचो. दुसरं वेगळं, त्याचं ड्रॉइंग वेगळं. पवनचक्कीला साठ-सत्तर सारखे नग लागतात आणि दर आठवड्याला एक-दोन बाहेर पडायला हवेत. यार्डाची मांडणी, क्रेनचा वेळ, फिट-अपचे जिग, सगळं बदलतं. आखातातल्या लॅम्प्रेलने ईस्ट अँग्लिया वन या ब्रिटिश प्रकल्पाची साठ जॅकेटं घेतली होती. तेलाच्या कामात अनुभवी यार्ड, तरी त्या कामात मोठा तोटा झाला. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. एकेक नग जपून करणाऱ्या माणसांना एकदम कारखान्यासारखं काम करायला सांगितलं की पहिले दहा-पंधरा नग शिकण्यातच जातात, आणि दर मात्र साठाव्या नगाचा लावलेला असतो.

दुसरं, आपला समुद्र. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रात बाहेर काम नाही. मुंबई हायची सगळी उभारणी आम्ही दसऱ्याच्या सुमारास सुरू करून मे महिन्यात आटपायचो. म्हणजे वर्षातले चार महिने यार्डात नग तयार होऊन पडून राहणार. एवढे हजार-हजार टनी नग ठेवायला जागा लागते, भाडं लागतं, पैसे अडकतात. उत्तर समुद्रातही हिवाळ्यात काम मंदावतं, पण आपल्यासारखं सलग बंद होत नाही. गुजरातच्या प्रकल्पाचं वेळापत्रक बनवताना पावसाळ्याचे महिने सोडून मोजा, मग मोठ्या जॅक-अप जहाजाला दिवसाचं किती भाडं द्यावं लागेल ते कळतं. पाय समुद्राच्या तळाला टेकवून उभं राहणारं तसं जहाज आपल्याकडे नाही, भाड्याने बोलवायचं आणि पावसाळ्याआधी परत पाठवायचं.

आणि वादळ. मे २०२१ मध्ये तौक्ते दीव-उनाच्या मधे किनाऱ्याला लागलं. ते ठिकाण पिपावावपासून लांब नाही. त्याच वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाली, आमच्या धंद्यातली माणसं गेली. गुजरातच्या किनाऱ्यावर एरवी वारा तमिळनाडूपेक्षा कमी, म्हणून पातं मोठं हवं. वादळाला मात्र तेच मोठं पातं तोंड देणार. कमी वाऱ्यात फिरणारं आणि चक्रीवादळात टिकणारं यंत्र बनवायला वेगळं डिझाइन लागतं. खंबातच्या आखातात तळाला मऊ चिकणमाती बरीच आहे, तेव्हा पाइल खोल न्यावी लागेल, म्हणजे पोलाद वाढलं. आपल्या किनाऱ्यासाठी हे यंत्र, हा पाया कोणीतरी इथेच बसून काढला पाहिजे. उत्तर समुद्राचं ड्रॉइंग उचलून आणलं तर भागणार नाही. देशी साखळी हवी ती मुळात यासाठी.

---

भोसरी_फॅब

ताई, काका, दोघांचेही मनापासून आभार. ५५ टनांचा आकडा मेव्हण्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले की बरं, मग प्लेट तरी देशात मिळते का, की तीही बाहेरून? आणि सरकार ‘देशी मालच घ्या’ अशी अट का घालत नाही, म्हणजे आपोआप कारखाने येतील?

---

दरपत्रक_वाचक

वीज खरेदीच्या निविदा वाचणं हे माझं रोजचं काम, त्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे धोरण आलं ऑक्टोबर २०१५ मध्ये. २०१७ च्या नोव्हेंबरात पिपावावसमोर खंबातच्या आखातात वारा मोजायला लायडार बसवलं. २०१८ मध्ये २०३० पर्यंत ३० गिगावॅटचं उद्दिष्ट जाहीर झालं. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाड्याने देण्याचे नियम आले. २०२४ मध्ये सेकीने (केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने) गुजरातच्या ५०० मेगावॅटची निविदा काढली आणि प्रतिसाद न मिळाल्याने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती रद्द झाली, तमिळनाडूच्या समुद्रतळाच्या निविदेसह. दहा वर्षांत वाऱ्याचं मोजमाप झालं, नियम झाले, पैसेही ठेवले, पण एकही टर्बाइन पाण्यात नाही. कारखानदाराने उद्दिष्टाचा आकडा वाचून गुंतवणूक करू नये. ज्याच्या हातात सही झालेला वीज खरेदी करार आहे, त्याच्याकडून आलेला पीओ (खरेदीची ऑर्डर) वाचून करावी.

बोलीदार का आले नाहीत? त्यांना सौर विजेच्या युनिटमागे अडीच-तीन रुपयांशी तुलना होणार हे माहीत आहे आणि पहिल्या प्रकल्पाला बंदर, जहाज, केबल सगळं पहिल्यांदा करण्याचा खर्च सोसायचा आहे. ब्रिटनसारख्या मुरलेल्या बाजारातही सप्टेंबर २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेला एकही बोली आली नाही, कारण सरकारने ठेवलेला कमाल दर महागाईच्या मानाने फार खाली होता. पुढच्या फेरीत त्यांनी दर वाढवला आणि बोली परत आल्या. एका वर्षाचा खंड पडला तरी पुरवठादारांची रांग विस्कटते. आपल्याकडे रांग लागलेलीच नाही.

चीनने रांग लावली. दराची हमी २०२१ च्या अखेरीस संपणार म्हणून त्या एका वर्षात तिथे १७ गिगावॅटच्या आसपास समुद्रात उभे राहिले. त्या घाईतून त्यांचे कारखाने, जहाजं, बंदरं तयार झाली, आणि आज आपण ज्यांच्याशी किमतीत स्पर्धा करणार ते तेच.

पुण्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट, जी मला नेहमी चुटपुट लावते. हडपसरला मुख्यालय असलेल्या सुझलॉनने २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर घेतली होती. रीपॉवरचं पाच मेगावॅटचं यंत्र तेव्हा जगातल्या मोजक्या समुद्री टर्बाइनपैकी होतं. जर्मनीच्या अल्फा व्हेंटसला आणि बेल्जियमच्या थॉर्नटन बँकेला ते लागलं. कर्जाच्या ओझ्याने २०१५ मध्ये ती कंपनी, तोवर नाव सेनव्हियॉन झालेली, विकावी लागली. आपल्या किनाऱ्यावर त्या आठ वर्षांत एक जरी प्रकल्प लागला असता तर ते ज्ञान पुण्याला आलं असतं. घरचं काम नसेल तर विकत घेतलेलं तंत्रही हातात राहत नाही, असं मला त्यावरून वाटतं.

---

डोंगरवारा

मेव्हण्यांचे दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

प्लेट मिळते. पाच मीटर रुंदीपर्यंत प्लेट काढणाऱ्या मिल देशात आहेत, हजिऱ्याला आणि ओडिशात अंगुलला. हजिरा तर खंबातच्या आखाताच्या काठावरच. रुंद प्लेट म्हणजे उंच कॅन, म्हणजे गोल सांधे कमी. अडचण आहे ती मोठ्या फ्लँजची. टॉवर आणि पाया यांच्यामधली सात-आठ मीटर व्यासाची अखंड फोर्ज केलेली रिंग जगात फार थोड्या जागी होते, आणि तिच्या पृष्ठभागाचा सपाटपणा मिलिमीटरच्या अंशात लागतो. तिला जोडणारे एम-७२ बोल्ट हेही तसंच नाजूक प्रकरण. पुण्यात फोर्जिंग आहे, कागल पट्ट्यात पवनचक्कीच्या हबची (पाती बसतात त्या मधल्या भागाची) मोठी ओतकामं होतात. पण तिथूनही समुद्री आकाराचा हब घाटातून बंदरावर न्यायचा प्रश्न येईल. म्हणून जड कामं किनाऱ्यावर आणि लहान, मजुरीप्रधान, कौशल्याची कामं आत, अशी विभागणी होईल असं मला दिसतं.

देशी मालाच्या अटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि ते तैवानमध्ये बनलं. तिथे सरकारने ठराविक भाग स्थानिकच घ्या अशी अट घातली. फायदा झाला, हे आधी सांगते. ताइचुंगच्या बंदरात नॅसेल जोडणीचा कारखाना आला, ताइपेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर जॅकेटची यार्डं उभी राहिली, माझ्या डोळ्यांदेखत नवी पोरं पाइप सांध्याची परीक्षा पास झाली. पण यार्डं तयार व्हायच्या आधी अट लागू झाल्याने कामं रेंगाळली, किमती चढल्या. शेवटी युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि २०२४ च्या अखेरीस तैवानला पुढच्या फेऱ्यांसाठी अट सैल करावी लागली. अट घालायची तर आज कोण काय करू शकतं त्याची यादी करून, पायरी पायरीने, आणि मागे पाच-सात वर्षांच्या कामांची रांग ठेवून घालावी. नुसत्या अटीने कारखाना येत नाही, वीज महाग होते.

आता तुमच्यापुरतं. भारतातलं काम येईपर्यंत थांबायची गरज नाही. कोचीनच्या गोदीत युरोपातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीची जहाजं बनताहेत, सायप्रस आणि ब्रिटनच्या कंपन्यांसाठी. घरी एक टर्बाइन नसताना! म्हणजे दार उघडं आहे, तिकडे जायचे कागद हवेत.

तुमच्याकडे आज वेल्ड प्रोसिजर (वेल्ड कसं करायचं त्याच्या चाचणी झालेल्या लेखी पद्धती) बहुधा एएसएमई सेक्शन नऊ या अमेरिकी मानकाप्रमाणे असतील. युरोपचं गिऱ्हाईक आयएसओ १५६१४ प्रमाणे मागतं. चाचण्या बऱ्याचशा त्याच, पण हार्डनेस आणि इम्पॅक्टचे नियम वेगळे, आणि तपासनीस बाहेरचा लागतो. वेल्डरचं प्रमाणपत्र आयएसओ ९६०६. कारखान्याला आयएसओ ३८३४ चा भाग दोन आणि ईएन १०९० चं प्रमाणपत्र. एनडीटी (वेल्ड न मोडता तपासणी) करणारा माणूस आयएसओ ९७१२ वाला, आपल्याकडचं कंपनीने दिलेलं लेव्हल-दोन चालत नाही. हे सगळं मिळून जो खर्च होईल तो त्या रोलिंग मशीनच्या आगाऊ रकमेपेक्षाही कमी असेल, आणि तो वाया जात नाही. हीच कागदपत्रं पूल, क्रेन, जहाजं यांच्या निर्यातीलाही लागतात.

पेंटकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. माझ्या अनुभवात भारतातून आलेलं सेकंडरी स्टील नाकारलं जातं ते वेल्डमुळे कमी आणि पेंटमुळे जास्त. पावसाळ्यात भोसरीत आर्द्रता किती असते ते तुम्ही जाणताच. दवबिंदू मोजून, बंद शेडमध्ये ब्लास्टिंग करून, त्याच शिफ्टला पहिला हात मारायची सोय नसेल तर मोठ्या मशीनचे पैसे तिकडे घाला. ते कर्ज प्लॉट तारण न ठेवताही झेपेल असा माझा अंदाज आहे, पण हिशोब तुमचा.

एक नवी गोष्ट. युरोपचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे आणि त्यात पोलादाची फॅब्रिकेटेड स्ट्रक्चरही येतात. गिऱ्हाईक तुम्हाला विचारणार की प्लेट कुठल्या मिलची आणि टनामागे उत्सर्जन किती. म्हणून आजपासून प्रत्येक हीट नंबरची (पोलादाच्या एका ओतीच्या क्रमांकाची) मिलची नोंद नगापर्यंत पोचेल अशी फाइल ठेवा. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या प्लेटचा दाखला झेरॉक्सच्या झेरॉक्सवर असतो, तो चालणार नाही.

दोन-तीन वर्षं असं काम निर्यातीला गेलं की, गुजरात किंवा तमिळनाडूत पहिला मोनोपाइल कारखाना येईल तेव्हा तो सेकंडरी स्टीलसाठी पहिल्यांदा कोणाला फोन करेल? ज्याच्याकडे बोटलँडिंग केल्याचा पुरावा आहे त्याला. तेव्हा पिपावावला किंवा तुतिकोरिनला फक्त जोडणीपुरतं भाड्याचं शेड घ्या, जमीन नको.

तुमच्या सध्याच्या प्रोसिजर कुठल्या जाडीपर्यंत आणि कुठल्या ग्रेडवर पात्र आहेत ते इथे टाका, गिऱ्हाइकाचं नाव झाकून. कुठल्या चालतील आणि कुठल्या नव्याने कराव्या लागतील ते मी बघून सांगते. आणि काका, शारजातल्या त्या पोरांपैकी कोणी पुण्यात यायला तयार असेल तर भोसरीवाल्यांशी गाठ घालून द्या. बोटलँडिंगचा पहिला नमुना नग त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातचा असावा.

---

उरणचा_फोरमन

दोघं आहेत. गणपतीला गावी येतात, तेव्हा बोलतो. त्यांना वाय सांधा येतो, आयएसओ ९६०६ च्या परीक्षेची फी मात्र शेडने भरावी.